चौकातली धार

म्हशीच्या सडातून धार पेल्यात उतरते तेव्हा फेसाबरोबर जो वास वर येतो, त्यात ओल्या कडब्याचा, कातडीच्या उबेचा आणि मावळत्या उन्हाचाही अंश असतो. आमच्या गावच्या गंगावेशीत त्या काळी दिवेलागणीला हा वास भरून राही. गवळी म्हशी घेऊन चौकात येत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढत, आणि तालमीतून घामेजून आलेली माणसं ते दूध तिथल्या तिथे पिऊन टाकत.

त्या वासाच्या आठवणीने मला आजही संताप येतो.

स्वातंत्र्य नवं होतं, आणि कोणत्या भागात दुधाचा धंदा किती वाढला हे मोजायचं सरकारने मनावर घेतलं होतं. त्यासाठी आलेल्या साहेबांबरोबर मी कारकून म्हणून हिंडत होतो. कामांची यादी करून एकेक बाब खोडत जाणारा मी माणूस. मोजणीचं मला वावडं नाही. जिथे दूध जास्त तिथे जनावरांचा डॉक्टर आधी नेमायचा, हा बेतही मला रास्त वाटला होता. पण साहेब मोजत होते ते फक्त संकलन केंद्रावर कॅनमधून येणारं दूध.

चौकातल्या हौसाबाई गवळणीच्या म्हशीची कास सुजली होती. तिने साहेबांना वाटेतच गाठलं.

"सायेब, डाक्टर हिकडं द्या की. हिचं सड गेलं तर म्या काय खाऊ?"

"दूध केंद्रावर घाला, मग बघू."

"कॅनातलं दूध हितं कोण पितंय? पाणी घातलंय म्हणून माझ्याच तोंडावर मारत्याल!"

"मग ते धंद्यात धरता येत नाही, बाई."

"मग रोज सांजंला म्या हितं म्हशीसंगं फुगडी खेळाय येती व्हय?"

चौक खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. चौकातच उभं राहून मोजू या, असं मी सुचवलं, तेव्हा चालीरीती मोजायला आपल्याला पाठवलेलं नाही, एवढंच ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

अहवालात आमचा भाग मागासलेला ठरला. ज्या गावची माणसं दुधावर पोसलेली, ते गाव दुधात मागासलेलं! दूध तासन्‌तास डब्यात बसलं तरच त्याला दूध म्हणायचं, अशी ही प्रगती. डॉक्टर दुसरीकडे गेला, आणि हौसाबाईच्या म्हशीचे दोन सड कायमचे गेले.

त्यानंतर एका संध्याकाळी मी चौकातून भराभर निघालो होतो, तोच तिने हाक मारली, उरलेल्या सडांची धार काढली आणि पेला माझ्यापुढे धरला.

"घ्या, कारकून. आकडा मांडू नगासा, नुस्तं प्या."

दूध कोमट होतं, गोड होतं. पिता पिता वाटलं, एखाद्या प्रदेशाचं किती जगणं असं एका देहातून थेट दुसऱ्या देहात जात असेल, वाटेत कुठल्याच डब्यात न थांबता. साचून राहतो तो फक्त राग. आणि तो कुठल्या केंद्रावर नेऊन घालायचा, हे मला अजून कळलेलं नाही.