सात नंबरचा महाशीर

आईने मोरीशी बसून मासा साफ करायला घेतला होता. त्याच्या पाठीवर पिवळी चकती दिसली. तिच्यावर सातचा आकडा, माझ्याच अक्षरात.

तेव्हा मी मेळघाटातल्या महाशीर माशांवर पीएचडी करत होते. महिन्यातले वीस दिवस कोरकू आदिवासींच्या एका गावात, उरलेले अमरावतीत घरी. परदेशात सॅमन मासे वाचवायला तिथल्या आदिवासींना सोबत घेतात, त्यावरचे लेख वाचून मी हुरळून गेले होते. माझा सोबती गावातला एक म्हातारा, अख्खी हयात नदीवर काढलेला. तो मासा ओल्या फडक्यात धरायचा आणि मी त्याच्या पाठीत ओळखीची नंबरी चकती ओवायचे. उन्हाळ्यात नदी आटली की मासे एकाच डोहात जीव धरून राहतात. तिथे त्याचं गाव जाळं टाकत नाही, कारण पावसाळ्यात तेच मासे वर अंडी घालायला जातात. हा डोह त्याने मला दाखवला तो दुसऱ्या वर्षी, तोही एका अटीवर.

"लिहू नको, बाई. कागद शहरात जाते."

मी लिहिलं नाही. नकाशात ती जागा कोरी ठेवली, त्यापायी मार्गदर्शकांशी भांडले. या इमानदारीचा मला भारी तोरा होता, आणि तो मी घरी जेवताना मिरवला. डोह कुठल्या वळणावर, मासे केवढे, सगळं रंगवून सांगितलं. दादा ऐकत होता.

आणि आदल्या दिवशी तो मित्रांबरोबर मेळघाटात पार्टीला गेला होता.

"कसा धरला?" मी विचारलं.

"धरतो कुठं? औषध टाकलं." नांदगाव खंडेश्वरच्या त्याच्या मित्राकडे फवारणीच्या बाटल्या पडून होत्या. त्या वर्षी कपाशी बोंडं धरायच्या आतच करपली होती, औषध घरोघर उरलेलं. "धा मिन्टात सारे वर आले. तू काहून रडून राहिली? मासाच तं हाय."

मी रडतेय हे मला त्याने म्हटल्यावर कळलं. त्या डोहाकाठी वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी अख्खं गाव पितं, एवढं मात्र मी जेवताना सांगितलं नव्हतं.

आईच्या हातून मासा हिसकावला, चकती काढून घेतली, मासा अंगणात खोल पुरला. गावात फोन नव्हता. एसटी पकडली. परतवाड्यापुढचा सगळा घाट मी एकच घोकत होते, कुणी पाणी प्यायलेलं नसू दे.

डोहाला वास सुटला होता. बोटाएवढी पिल्लंसुद्धा काठाला पांढरी पडली होती. झिऱ्यावर काटेरी फांद्या टाकून म्हातारा काठी घेऊन बसला होता. मेलेले मासे दिसल्यापासून तो तिथून हलला नव्हता, माणसं आणि गुरं परत फिरवत होता. कुणाला काही झालं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

चकती त्याच्यापुढे धरली. "बाबा, हे माझ्यामुळे झालं."

"लिहिलं काय तू?"

"नाही. घरी सांगितलं. घरच्यांनाच."

त्याने चकती हातात घेतली नाही. एक गाय झिऱ्याकडे येत होती, तिला हाकलून तो पुन्हा जागेवर बसला.

"घरी तं आमी बी सांगतो," तो म्हणाला. "आमच्या घरचे डोह मारत नाही."