दहापैकी पाच

दत्तप्रसाद नार्वेकर या माणसाने आयुष्यात एकदाही अमेरिकन फुटबॉलचा चेंडू हातात धरला नाही, आणि तरी त्या खेळातलं त्यांच्याइतकं कळणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. हे मी आता लिहिते आहे. जिथे बोलायला हवं होतं तिथे माझी दातखीळ बसली होती, तेव्हा लिहिण्याचं शौर्य तरी दाखवावं म्हटलं.

आमचं ऑफिस शारजाच्या औद्योगिक भागात, टायरच्या गोदामावरच्या मजल्यावर आहे. जिन्यापर्यंत रबराचा वास येतो. वर आम्ही अकरा जण डोक्याला हेडफोन लावून अमेरिकेतल्या कॉलेजांचे रेकॉर्ड केलेले सामने बघतो आणि पोरांना मार्क देतो. तिकडचे व्यावसायिक क्लब दरवर्षी कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. निवडण्याआधी त्यांना हर प्रकारचे अहवाल हवे असतात, आणि आमच्याकडून ते स्वस्तात मिळतात. अमेरिकेतल्या कुठल्या तरी पोराचं नशीब शारजात टायरवर बसून ठरतं, हे त्या पोरांना कळलं तर ती खेळच सोडतील.

आमच्या टीमकडे पास रशर होते. या खेळात मागे एक जण चेंडू फेकायला उभा असतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात. ती भिंत फोडून फेकणाऱ्याला चेंडूसकट आडवा करायचा, हे ज्याचं काम तो पास रशर. आडवा केला की त्याच्या नावावर एक सॅक लागतो. सगळं जग सॅक मोजतं. दत्ताकाका मोजत नसत.

दत्ताकाका मूळचे प्रभादेवीचे. तरुणपणी तिथल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळले, तेही डाव्या कोपऱ्यावर. चढाई करणारा कुठे वळणार हे त्याने पाय उचलण्याआधी ओळखायचं, नाहीतर मार खायचा, अशी ती जागा. पुढे गुडघा गेला आणि ते आखातात आले. रुवैसच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे अकरा वर्षं टाइमकीपर होते, म्हणजे कामगारांची हजेरी. ठेका संपला तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. त्यांना आमच्या कंपनीत आणलं निनादने. निनाद आमचा मॅनेजर, वय छत्तीस, आणि त्याचे वडील काकांबरोबर त्याच मंडळात खेळलेले. मंडळाचं नातं काकांच्या लेखी सख्ख्या नात्याच्या वर होतं.

पहिल्या महिन्यात आम्ही त्यांना हसलो. खेळाचे नियमसुद्धा त्यांना मीच समजावून सांगितले होते. तिसऱ्या महिन्यापासून मी माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसायला लागले. ते एकच खेळी वीस-वीस वेळा बघायचे, आवाज बंद करून. "चेंडू बघू नकोस गं मुग्धा," म्हणायचे, "टाच बघ. ज्याची टाच पळत सुटण्याआधी खाली दबते त्याला उशीर झालाच समज. आणि हात बघ. समोरच्याने एकदा धरलं की हा पुढे काय करतो? काहीच करत नसेल तर तो नुसता ताकदवान आहे, बाकी शून्य." मी त्या खुर्चीवर जे शिकले त्यावर आजपर्यंत पोट भरते आहे.

तर तीन वर्षांपूर्वीच्या मोसमात एक्कावन्न नंबरचा एक पोरगा आला. सहा फूट चार इंच, चौदा सॅक, सगळीकडे त्याचाच बोलबाला. बाकीच्या अहवालांत त्याला साडेआठ, नऊ असे मार्क. काकांनी चौदाच्या चौदा सॅक पुन्हा पुन्हा पाहिले. त्यातल्या नऊ वेळा फेकणाऱ्याला चेंडू द्यायला कुणी मोकळंच मिळालं नव्हतं. तो बिचारा चेंडू घेऊन ताटकळत उभा होता आणि उशिरा पोचूनही याला सॅक आयता मिळाला. तीनदा समोरचा गडी घसरून पडला होता. स्वतःच्या जोरावर मिळवलेले सॅक दोन. काकांनी त्याला दहापैकी पाच दिले आणि दोन पानं शेरा लिहिला, प्रत्येक खेळीची वेळ टाकून.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला आम्ही तिघं खालच्या कॅफेटेरियात होतो. करक चहा आला. निनादने पेला हातात घेतला आणि म्हणाला, "काका, तो फिफ्टी-वनचा ग्रेड बदलावा लागेल. क्लायंटला तो घ्यायचाच आहे. दे जस्ट नीड अवर यस."

"अरे पण तो पाचाचाच आहे," काका म्हणाले. "तू स्वतः बघ, मी वेळा टाकल्या आहेत."

"काका, मार्केट साडेआठ म्हणतंय आणि आपण पाच? मुश्किल होगा. माझ्यासाठी करा. साडेआठ टाका आणि रिमार्क थोडा सॉफ्ट करा. खलास."

काका बराच वेळ चहा ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती तरी. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर करतो."

निनाद वर गेल्यावर मी म्हटलं, "काका, हे ईमेलवर मागून घ्या. आपल्या सिस्टीममध्ये जुना ग्रेड राहत नाही, शेवटचा राहतो आणि त्याखाली तुमचं नाव." या देशात येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हेच शिकतो, की जे लेखी नाही ते घडलंच नाही. काकांनाही ते माहीत होतं. रुवैसला हजेरीच्या प्रत्येक कागदावर ते सही घेतल्याशिवाय हलायचे नाहीत.

पण ते माझ्यावरच चिडले. "आपल्या माणसाकडे लेखी मागू? त्याच्या बापाने माझा गुडघा गेला तेव्हा मला खांद्यावर घेऊन केईएममध्ये नेलंय. उद्या निनाद माझ्याबद्दल काय म्हणेल?" उद्या निनाद काय म्हणेल ते पुढे सगळ्यांनी ऐकलंच.

क्लबने तो पोरगा घेतला, मोठा गाजावाजा करून. दोन मोसमांत त्याच्या नावावर तीन सॅक. तिसऱ्या मोसमात त्याला सोडून दिलं. इतक्या मोठ्या चुकीनंतर तिकडे माणसं बदलली, नवीन माणसांनी जुने अहवाल उकरून काढले, आणि साडेआठ देणाऱ्यांत आमच्या कंपनीचं नाव निघालं. खाली ॲनालिस्ट म्हणून डी. नार्वेकर.

गेल्या ऑक्टोबरात चौकशी झाली. काकांची मुलगी ईश्वरी तेव्हा बारावीत होती, कॉमर्सला. काकांनी आमच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी सांगितलं होतं की मार्चपर्यंत नोकरी टिकली की झालं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर उठतं, आणि बारावीच्या मध्यावर पोरीला उचलून न्यायचं कुठे? त्यांना बढती नको होती, मान नको होता. फक्त मार्च हवा होता.

मीटिंग रूममध्ये एचआरची नबिला, पडद्यावर क्लायंटचा एक माणूस, निनाद, काका आणि मी. काकांनी सरळ सांगितलं, "मी पाच दिले होते. निनादने बदलायला सांगितले."

निनाद काकांकडे न बघता म्हणाला, "ग्रेड इज ऑल्वेज द ॲनालिस्ट्स ओन. मी कधीच इंटरफिअर करत नाही." गुळगुळीत आवाजात, जराही न अडखळता. कुणाच्या खांद्यावर कोण गेलं होतं ते बहुधा त्याच्या वडिलांनी त्याला सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असूनही हा असाच असावा. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

नबिलाने विचारलं, "एनी ईमेल, दत्ता सर? कोई रिटन प्रूफ?"

"ईमेल नाही," काका म्हणाले. "चहाला मुग्धा होती."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण त्याच आठवड्यात होतं आणि कागद निनादच्या टेबलावर होता. माझी सान्वी चौथीत. नवऱ्याला सहा महिने काम नव्हतं, आमच्या तिघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. मी म्हटलं, "आय डोन्ट रिमेम्बर."

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे. तीन वर्षं झाली, तिला कसं आठवेल." त्यांनी मला तिथल्या तिथे सोडवलं. मी मात्र सुटका झाली म्हणून मोठा श्वास घेतला, हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

महिनाअखेर त्यांना काढलं. फ्लॅटचा करार डिसेंबरात संपत होता आणि पगाराच्या दाखल्याशिवाय तो पुढे चालेना. काकांचं ब्लडप्रेशर एवढं वाढलं की छायाकाकू त्यांना मुंबईला एकटं पाठवायला तयार होईनात. व्हिसा रद्द झाल्यावर जी मुदत मिळते ती ईश्वरीच्या शेवटच्या पेपरापर्यंत पुरत होती, प्रश्न होता तिने राहायचं कुठे. छायाकाकू माझ्याकडे आल्या. "हे म्हणाले, मुग्धाकडे ठेव, दुसऱ्या कुणाकडे नको. तुला जड नाही ना होणार गं?" काकांनी घरात काही सांगितलेलंच नव्हतं. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यांच्याकडून एका खेळाडूबाबत चूक झाली.

ईश्वरी माझ्या घरी अडीच महिने राहिली. शहाणी पोर. स्वतःचं ताट धुवायची, सान्वीचा गणिताचा अभ्यास घ्यायची. तिला काही कमी पडू नये म्हणून मी जीव टाकत होते, आणि शेजारच्या बायका म्हणत होत्या, मुग्धाचं मन किती मोठं.

अकाउंट्सचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच पोहे खात होतो. ती फोनवर काहीतरी बघत होती. म्हणाली, "आंटी, आय फाउंड दॅट गाय. बाबांचा फिफ्टी-वन. आय वॉच्ड ऑल हिज कॉलेज क्लिप्स."

मी म्हटलं, "अभ्यास सोडून हे कशाला?"

"ही इज लेट, आंटी. एव्हरी सिंगल टाइम. त्याची हील आधी खाली जाते. इव्हन आय कॅन सी इट." तिने फोन खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "हाउ कुड बाबा नॉट सी इट?"

आता सांगायला हवं होतं. खोलीत नबिला नव्हती, निनाद नव्हता, माझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही होऊन पाच महिने झाले होते. एक वाक्य पुरलं असतं, की तुझ्या बाबांनी हे सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. पण त्यानंतर ती विचारणार होती, मग तुम्ही का नाही सांगितलं? मी तिच्या ताटात आणखी पोहे वाढले.

तिने डोळे पुसले आणि माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "इट्स ओके. ही वॉज जस्ट अ टाइमकीपर बिफोर धिस, ना? त्यांना काय कळणार फुटबॉलमधलं."

"हो," मी म्हटलं.