फेल्टची अबोली

बाबा गेल्यापासून आईने केसांत फूल माळलं नाही. अबोलीवर तिचा केवढा जीव! पण नाही म्हणजे नाही. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी सांगून ठेवलं, "आई, लग्नात वेणी माळायची हं."

"माका नको गो. लोक काय म्हणतीत?"

माझं डोकंच फिरलं. कसले लोक? लालबागच्या आमच्या चाळीतले निम्मे लोक कधीच कुठे कुठे पांगले, उरलेल्यांना स्वतःची गुडघेदुखी पुरते. पण आईपुढे माझं कधी काही चाललंय?

रुखवतात मांडायला म्हणून मी तेव्हा दादरला फेल्टची फुलं शिकायला जात होते. फेल्ट म्हणजे ते नमद्यासारखं जाड, मऊ कापड. माझा पहिला गुलाब बघून शिकवणारी पोरगी म्हणाली, "काकू, भाजीवाल्याकडचा फ्लॉवर केलात काय?" वर्ग खदाखदा हसला. मीही हसले, पण मनातून जळफळले. गरम गोंदाने बोटं पोळली ती वेगळीच. हळूहळू हात बसला. पट्टी कापायची, बुडाशी चिमटून दोरा आवळायचा, मग पाकळ्या आपोआप उमलतात.

अबोलीच्या रंगाचा तुकडा हातात आला आणि मनात आलं, खरं फूल नको ना हिला? मग हे कुठे फूल आहे?

फुलं इवलीइवली, डोळे पार फुटायची वेळ आली. पण वेणी झाली. आईसमोर ठेवली आणि म्हटलं, "हे फूल नाही, कापड आहे. कापडाला कोण काय बोलणार?"

तिने उलटीसुलटी करून पाहिली. "बरी केलंस," म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. हो नाही, की नाही नाही. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात ओल्या रुमालाची गुंडाळी. लेकीचा गजरा असेल म्हणून सोडून बघते, तर माझी वेणी! चिंब भिजलेली, पाणी गळतंय.

"आई! अगं काय केलंस हे? फेल्टची आहे ती, भिजवायची नसते!"

आई लगबगीने आली. रुमालाकडे बघून शरमली. "सवयीन झाला गो. सकाळपर्यंत सुकतली म्हणान ठेवलंय."

खरी वेणी आदल्या दिवशी आणली की अशीच ओल्या रुमालात ठेवतात. मी आणखी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माळायचीच नसती, तर ती सुकायची काळजी हिला कशाला पडली असती?

मला भडभडून आलं. लेकीचा हेअर ड्रायर घेतला आणि एकेक फूल वाळवत बसले. पाकळ्या थोड्या आक्रसल्या, पण चालण्यासारख्या होत्या.

"बस इकडे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाठ करून बसली, आणि अंबाड्यावरचा पदर तिने स्वतःच खाली घेतला.