आपली शेड

नागोजीराव पेरंबूरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बोलायला तुटक, हाताला पक्के. तंजावर सोडून मद्रासला आल्यावर काही वर्षं तिरुवल्लिकेणीतल्या एका खोलीत काढली, मग विल्लिवाक्कमला जागा घेऊन छोटं घर बांधलं. घरामागे मोकळी जमीन उरली. तिच्याकडे पाहत धाकटा भाऊ वेंकोबा एकदा म्हणाला, "अण्णा, इथं आपली शेड."

त्या दोन शब्दांवर दोघे भाऊ बराच काळ जगले. वेंकोबा रायपुरमला दुसऱ्याच्या वर्कशॉपात लेथ चालवी. रविवारी तो आला की जेवणानंतर नागोजीराव ओसरीवर खडूने आखणी करत. खांब लोखंडी अँगलचे, वर नालीदार पत्रा. झावळ्यांचं छप्पर नको, उन्हाळ्यात एक ठिणगी पुरे. लेथ इथे, ड्रिल तिथे. नागोजीरावांची बायको गोदा केरसुणी घेऊन उभी राही.

"पुसू का तुमचा कारखाना? दिवेलागण झाली."

"पुसा वैनी," वेंकोबा म्हणे. "आपलीच शेड आहे, पुन्हा बांधू."

एकोणसाठच्या उन्हाळ्यात शेड खरोखरच उभी राहू लागली. खांब रोवले, छपराच्या कैच्या चढवल्या. नागोजीराव शिडीवर, वेंकोबा खाली. पत्रा इतका तापे की हाताला ओलं फडकं गुंडाळावं लागे. एक बाजू बंद झाली तेव्हा वेंकोबा आत जाऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "अण्णा, या बाजूला खिडकी हवी. लेथवर माझीच सावली पडणार."

"पत्रे ठोकून झाले आता."

"एकच काढायचा."

"आखलं तेव्हा झोपला होतास?"

"खडूला सावली नसते, अण्णा."

शेजारचे वेंकटरमण कुंपणापलीकडे उभे राहून मजा बघत होते. "काय नागोजीराव, तुमच्यात मुदलाळी, म्हणजे मालक, कोण आणि कूली कोण, ते आधी ठरवा!"

नागोजीरावांच्या तोंडात बोल्ट धरलेले होते. बोलण्यासाठी त्यांनी ते काढून हातात घेतले. म्हणजे विचार करायला तेवढा वेळ होता. पुढे सगळं आयुष्य त्यांना तो तेवढाच वेळ आठवत राहिला.

"जागा माझी, शेड माझी," ते हसत म्हणाले. "हा हाताखालचा."

वेंकटरमण हसले. वेंकोबाही हसला, आणि त्याने पुढचा पत्रा वर दिला.

त्यानंतर त्याने एकही रविवार चुकवला नाही. बोल्टांच्या भोकांना डांबर लावलं, दाराच्या बिजागऱ्या स्वतः घडवल्या. नागोजीरावांना वाटलं, विसरला. शेवटचं काम उरकलं त्या दिवशी चपला घालता घालता वेंकोबा म्हणाला, "तुमची शेड चांगली झाली, अण्णा."

गोदा ताक घेऊन दारात आली होती, ती तशीच थांबली. तो गेल्यावर म्हणाली, "ऐकलंत?"

"काय?"

"काही नाही."

नागोजीरावांनी ऐकलं होतं. पण माफी मागावी असं भांडण तरी कुठे झालं होतं? थोरल्याने धाकट्याला चार शब्द बोलायचे, हे घरोघरी चालतं. ते वाट पाहत राहिले. वेंकोबा सणाला येई, गोदाच्या हातचं पोटभर जेवे. लेथचं नाव मात्र कुणीच काढत नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी छिन्नीने तो पत्रा कापला, खिडकी बसवली आणि निरोप धाडला. वेंकोबा आला. खिडकीतून आलेल्या उजेडात त्याने आपला पंजा उलटा-सुलटा करून पाहिला.

"छान झालं. तुमच्या कामाला बरं पडेल." मग थोडं थांबून, "अंबत्तूरला कारखान्यांची नवी वसाहत होते आहे. एका मित्राबरोबर मलाही जागा मिळतेय."

'ही तुझीही आहे,' असं नागोजीरावांच्या ओठांवर आलं. पण 'तुझीही' म्हटलं की त्यातच दोन वाटे पडत होते. जो शब्द हवा होता तो वेंकोबाचा होता, आणि तो त्यानेच उचलून नेला होता.

"सरी, ठीक," ते म्हणाले. "चांगलं आहे."

शेडमध्ये मग गोदाने सरपण रचलं. ऐप्पसीचा, दिवाळीच्या सुमाराचा पाऊस पत्र्यावर असा कोसळे की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. नागोजीरावांना ते दिवस बरे वाटत.

वेंकोबाचं वर्कशॉप सुरू झाल्यावर ते अंबत्तूरला गेले. वेंकोबा धावत दाराशी आला. "या अण्णा, या!" त्याने आपल्या पंच्याने खुर्ची पुसली, बाहेरून कॉफी मागवली. सगळ्यांना सांगितलं, "हे माझे थोरले बंधू." त्याच्या आवाजात खरी माया होती. शेजारच्या व्हाइसमध्ये एक तुकडा अडकवलेला होता, त्याची कड अजून खरबरीत होती. नागोजीरावांचा हात आपसूक कानशीकडे गेला.

"राहू द्या, अण्णा," वेंकोबा म्हणाला. "हात मळतील तुमचे. तुम्ही बसा."

त्यांनी हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि कॉफी निवेपर्यंत ते त्या पुसलेल्या खुर्चीत बसून राहिले.