बांधावरचे चार दिवस

शेतकी कॉलेजात द्राक्ष शिकायला गेलेली आमच्या भागातली मी पहिलीच मुलगी असेन. असेन म्हणते, कारण मोजायला कोणी बसलं नव्हतं. मिरजगावजवळचं आमचं गाव ज्वारी-बाजरीचं. द्राक्षं म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायची वस्तू. त्यात आमच्या अभ्यासक्रमात द्राक्षाची वाइन करण्याचाही एक भाग होता, आणि हे वडिलांनी मोठ्या कौतुकाने पारावर सांगून टाकलं. झालं! सुटीला एसटीतून उतरले की कोणीतरी विचारायचंच, "काय गं, शिकलीस का भट्टी लावायला? आमाला कवा पाजतीस?" वडील हसायचे. मला तेव्हाही हसू आलं नाही आणि आजही येत नाही.

पण मला ते शिक्षण मनापासून आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. प्रयोगशाळेत काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये आम्ही द्राक्षाचा रस आंबायला ठेवायचो. बरणीला कान लावला की आत बारीक बुडबुडे फुटताना ऐकू यायचे. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे तयार झालेल्या बाटल्या कुलपात जायच्या आणि त्या कपाटाची किल्ली आमच्या सरांच्या जानव्याला बांधलेली असायची. एकदा सरांनी तीन बरण्यांची झाकणं उघडली आणि कोणती बिघडायला लागली आहे ते विचारलं. वर्गातली मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मी वास घेऊन मधल्या बरणीवर बोट ठेवलं. चार दिवसांनी तिच्यातल्या रसाचा आंबट शिरका झाला. सर म्हणाले, "तुझं नाक कामाचं आहे." त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत होते.

शेवटच्या वर्षी, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या आधल्या वर्षी, सरांनी मला आणि माझ्या एका वर्गमित्राला बोलावून घेतलं. द्राक्षाचं एक नवं संशोधन केंद्र निघणार होतं. तिथे वाइनचेही प्रयोग व्हायचे होते. सहायकाची जागा एकच होती आणि शिफारस सरांची चालणार होती. सरांनी श्रीरामपूरजवळच्या एका बागाईतदाराची अनाबेशाही द्राक्षांची बाग ठरवली. अर्धी बाग वर्गमित्राकडे, अर्धी माझ्याकडे. ऑक्टोबर छाटणीपासून घोस उतरेपर्यंत रोज बागेत जायचं, रोजची नोंद वहीत करायची, फवारणी आपल्या हाताने करायची. ज्याची बाग आणि वही चांगली, त्याची शिफारस.

ती जागा मला किती हवी होती, हे आता लिहायलाही लाज वाटते. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. नोकरी लागली तर वडील थांबतील, नाही लागली तर नाही, इतका सरळ हिशेब होता. मी श्रीरामपुरात आत्याकडे राहायला गेले आणि रोज पहिल्या एसटीने बागेवर जायला लागले.

बागेत एक म्हातारे माळी होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. उभी हयात त्यांनी पानमळ्यात काढली होती, आणि पानवेलीचे सगळे नियम त्यांनी जसेच्या तसे द्राक्षाला लावले होते. पहिल्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं.

"ताई, चपला भाईर. ह्यो मांडव म्हंजी देऊळ हाय." मग जरा दुसरीकडे बघत म्हणाले, "आनि आमच्या बाया त्यांचं त्या बघत्यात. तुमचं तुमी बघा."

मला कळलं. कामावरच्या बायका महिन्यातले चार दिवस मांडवात पाऊल टाकायच्या नाहीत. पलीकडच्या कांद्यात खुरपायला जायच्या. कोणी विचारायचं नाही, कोणी तपासायचं नाही. विटाळशीची सावली पडली तर वेल करपतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मी मान डोलावली. आत जाऊन मनात हसलेसुद्धा, कारण पानं कशाने करपतात त्याची यादी माझ्याकडे पाठ होती आणि त्यात बायका नव्हत्या.

पहिल्या महिन्यात माझे ते दिवस आणि छाटणीच्या आधीची सुटी एकत्रच आली, त्यामुळे प्रश्न उरला नाही. छाटणी मी केली. एकेका काडीवरचे डोळे मोजून कात्री चालवली. हाताला फोड आले. दोन आठवड्यांनी डोळे फुटले, कोवळी फूट मांडवाच्या तारांवर चढली, बारीक घोस दिसू लागले. वर्गमित्राच्या अर्ध्या बागेपेक्षा माझी फूट जोरकस होती. तो स्वतःच तसं म्हणाला. मुलगा सरळ होता, आणि त्याचा सरळपणाच पुढे मला जास्त खुपला.

फुलोरा सुरू झाला आणि आभाळ आलं. दोन दिवस झिमझिम, सकाळी पानांवर दव. एका संध्याकाळी निघताना तिसऱ्या ओळीतल्या कडेच्या वेलावर मला एक पान दिसलं. त्याच्यावर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग होता. केवडा रोग असाच येतो. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी दिसते, पण तेव्हा अंधारून आलं होतं आणि शेवटची एसटी गाठायची होती. सकाळी दव असताना भिंगातून बघू आणि लगेच मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारू, असं ठरवून मी निघाले.

सकाळी उठले तर अडचण आली होती.

आत्याने मला त्या दिवसांतल्या रिवाजाप्रमाणे बाहेरच्या खोलीत चहा दिला. मी एसटीने बागेवर गेले, मांडवाच्या तोंडाशी चपला काढल्या, आणि तिथेच उभी राहिले. कोणालाही कळणार नव्हतं. मामांना कळणार नव्हतं, बायकांना नाही, वेलाला तर नाहीच. तरी माझा पाय उचलेना. आईने लहानपणापासून अंगात भिनवलेलं काहीतरी होतं. वर ही भीतीही होती की मी गेले आणि खरंच वेल करपला तर? द्राक्षशास्त्रात दर वर्षी पहिल्या वर्गात पास होणारी मुलगी मी! मी पुन्हा चपला घातल्या आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले.

तिथून मामांना हाक मारली. "मामा, तिसऱ्या ओळीत कडेच्या वेलाचं पान उलटून बघा. खाली पांढरं दिसतंय का?"

मामा गेले, वाकले, परत आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. "काय न्हाई. दव हाय, वाळंल."

"मग फवारा तरी मारा ना."

"मला ती मापं न्हाई कळत, ताई. तुमी आत आल्याव तुमच्या हातानं करा."

दुसऱ्या दिवशी वर्गमित्राने बादलीत मोरचूद आणि चुना कालवला, लोखंडी खिळा बुडवून बघितला, त्याच्यावर तांबूस पुट चढलं तेव्हा आणखी चुना घातला. सगळं पुस्तकाबरहुकूम. मग पायपंप लावून त्याने आपली अर्धी बाग फवारली. काम संपल्यावर निळे हात घेऊन तो बांधावर माझ्याकडे आला.

"ढगाळ आहे म्हणून मारून घेतलं. तुझ्याकडे काही दिसतंय का? सांग, मिश्रण उरलंय."

मी म्हणाले, "नाही. माझ्याकडे सगळं ठीक आहे."

हे वाक्य मी पुढे हजार वेळा आठवलं आहे. हो म्हटलं असतं तर तो विचारणार होता, मग तू आत का जात नाहीस? त्याचं उत्तर एका मुलाला देण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्या वयात वाटायचं. आणि खरं कारण तेवढंच नव्हतं. रोग त्याने पकडला असं सरांपर्यंत गेलं असतं तर शिफारस त्याची झाली असती. म्हणून मी खोटं बोलले. तो मान हलवून गेला आणि उरलेलं मिश्रण त्याने बांधाकडेला ओतून टाकलं. मी बघत होते.

पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मी मांडवात शिरले. पान उलटायची गरजच उरली नव्हती. ओळीच्या ओळी पिवळ्या, खाली पांढरी बुरशी, आणि फुलोऱ्यातले घोस तपकिरी पडून हात लावला की गळत होते. मी त्या दिवशी तीनदा फवारलं. चिडून, रडत, डोळ्यांत चुना जाईपर्यंत फवारलं. गेलेले घोस त्याने परत येणार नव्हते.

मालक आले, सर आले. माझ्या अर्ध्या बागेत उभे राहून सगळे वर बघत होते. मामा मालकांशी हळू बोलले, पण मला ऐकू आलं. "ताई आत आल्या आस्त्याल. म्या पयल्याच दिशी सांगितलं हुतं." कामावरच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकीने माझ्याकडे असं बघितलं की मी वेल हाताने उपटला असता तरी बरं झालं असतं.

सरांनी माझी वही मागितली. चार दिवसांचे रकाने कोरे होते. मनाने भरता आले असते, पण जे बघितलं नाही ते लिहायचं नाही हे सरांनीच शिकवलं होतं.

"हे चार दिवस तू कुठे होतीस?"

"बरं नव्हतं, सर."

"बरं नव्हतं तर कळवायचं. शेजारी तुझा मित्र होता ना?"

सरांना कळलं असावं, असं मला आजही वाटतं. त्यांच्याही घरात बायको, दोन मुली. त्यांची नजर क्षणभर खाली गेली, मग त्यांनी लाल पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यांवर आडवं लिहिलं, 'निष्काळजीपणा'. बागेने मला आत गेल्याबद्दल दोषी ठरवलं आणि कॉलेजने न गेल्याबद्दल.

जागा वर्गमित्राला मिळाली. त्याने चांगलं काम केलं असं ऐकते. वाइनवर व्याख्यानं द्यायचा म्हणे. माझं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. मी कर्जतला शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. माझ्या कामाच्या नाकाने गॅस गळतोय की नाही, डाळ लागली की नाही, एवढंच ओळखलं. मामांवरचा राग केव्हाच गेला. त्यांचं ज्ञान पानमळ्याएवढं होतं. सरांवर राग होता, बरीच वर्षं होता, कारण सगळं माहीत असून गप्प राहायला शिकलेला माणूस मला जास्त धोकादायक वाटतो. मग एके दिवशी लक्षात आलं की हे वर्णन माझंही आहे.

घराच्या मागे मी द्राक्षाचा एक वेल लावला होता. त्याची ऑक्टोबर छाटणी दर वर्षी मुलगी आणि मी मिळून करायचो. डोळे कसे मोजायचे ते मी तिला शिकवलं होतं. बांधावरचे चार दिवस मात्र तिला कधी सांगितले नव्हते. ती कॉलेजला जायला लागली त्या वर्षी, कात्री हातात घेऊन ती दारातच थांबली.

"आई, यंदा तूच छाट. मला आज अडचण आहे."

मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं. पण याच्या उलट काही शिकवलं होतं, असंही नव्हतं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालताना दिसली. मी मुलीच्या हातातून कात्री घेतली आणि छाटायला लागले.