चौथा टायर

टायर धुवायला बसलं की त्याच्या खाचांतून खडे निघतात. खिळ्यानं एकेक उकरून काढायचे. एक पुसदच्या घाटातला, एक घाटंजीच्या बाजारातला, एखादा असा की तो कुठून आला ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही! आमच्या गॅरेजचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. एक उकरला की चार बाहेर पडतात. तेव्हा बसा निवांत.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. दिग्रसला पुसद रस्त्यावर कडुनिंबाखाली हबीब मिस्त्रींचं गॅरेज होतं. लहानथोर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. इंजिन काय, कुणीही खोलायचं. पण टायर काळा करावा तर उस्तादांनीच! आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायचा, काथ्यानं घासायचा, उन्हात वाळवायचा. मग काजळी, सरकीचं तेल, लाख आणि मेण चुलीवर कढवून केलेलं ते उस्तादांचं औषध. आम्ही त्याला नुसतं 'काळं' म्हणायचो. दोन हात दिले की जुना टायरसुद्धा नवरदेवासारखा दिसायचा, आणि वऱ्हाडातल्या उन्हात रबर तडकायचं नाही.

मी तिथं कसा? इंटरला दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला निघालो होतो, वाटेत गॅरेज लागलं, तिथंच थांबलो. एकविसावं वर्ष होतं. चार वर्षं थांबलो, आणि सांगतो तुम्हाला, त्या चार वर्षांत माझ्यासारखा टायर धुणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता!

*

सुरुवातीला काळं नीट चिकटायचं नाही. तेव्हा उस्तादांच्या डोक्यात आलं, थोडा गूळ घालून पाहू. चिकटलं! डॉक्टरसाहेबांच्या मोटारीचे चारही टायर आम्ही गूळ घातलेल्या काळ्यानं असे चमकवले की डॉक्टरसाहेब गाडीभोवती दोनदा फिरले.

दुसऱ्या दिवशी ते घाटंजीला पेशंट पाहायला गेले. दिवस बाजाराचा. गाडी उभी केली ती नेमकी बकऱ्यांच्या बाजाराशेजारी. तासाभरानं येऊन पाहतात तर चारही टायर चाटायला बकऱ्या लागलेल्या! एकेका टायरला तीन-तीन. मालक दोर ओढताहेत, पण बकऱ्या काही हटत नाहीत.

डॉक्टरसाहेब संध्याकाळी गॅरेजवर आले. आम्हाला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते गाडीतूनच म्हणाले, "मिस्त्री, टायरही साफ झाले अन् बकऱ्यांचं पोटही! आता एवढं करा, पुढच्या वेळी थोडा ओवा टाका."

त्या दिवसापासून गूळ बंद झाला.

*

उस्तादांचे नियम दोन. पहिला, काळं फक्त टायरच्या बाजूला लावायचं. जमिनीला टेकणाऱ्या भागाला बोटही लावायचं नाही, घसरतं.

जिनिंगवाल्या शेठजींच्या ड्रायव्हरला हे पटेना. म्हणाला, "आमच्या शेठजीची गाडी हाय, अर्धी काळी कायले ठेवता? पूर्ण करा!" उस्तादांनी ऐकलं नाही, तेव्हा पठ्ठ्यानं डबाभर काळं मागून नेलं आणि घरी स्वतःच्या हातानं सगळा टायर रंगवला.

शेठजींच्या अंगणात गुळगुळीत शहाबादी फरशी. नुकतीच धुतलेली. गाडी फाटकातून आत आली, ब्रेक लागला, चाकं थांबली, पण गाडी थांबेना! सरकत सरकत तुळशीला अर्धा फेरा मारला आणि वृंदावनापासून वीतभर अंतरावर जाऊन उभी राहिली. कुणाला काही झालं नाही. आत शेठजींचा चेहरा पांढराफटक.

शेठाणीबाई ओसरीतून हे बघत होत्या. म्हणाल्या, "पाहा, गाडीसुद्धा तुळशीले प्रदक्षिणा घालून राह्यली. तुम्हाले मी वीस वर्षांपासून सांगतो!"

*

दुसरा नियम हाच खरा उस्तादांचा नियम. काळं लावण्याआधी प्रत्येक टायरवरून आतून-बाहेरून हात फिरवायचा. डोळे मिटून. कुठं फुगवटा लागला, चीर लागली, आतला धागा हाताला आला, की त्या टायरला काळं नाही. शेठजी येवोत की कलेक्टर!

"वसंता," मला म्हणायचे, "काळं लावलं की ऐब झाकल्या जातो. मंग बसणाऱ्याले कसं समजन? मी झाकणारा माणूस नाही."

गाडी परत द्यायचे, पण तीन टायर काळे कुळकुळीत आणि चौथा तसाच, मातकट पांढरा. उस्ताद तोंडानं काही बोलत नसत. त्यांना बोलायची गरजच नव्हती, सगळं गाव टायर वाचायचं! तीन काळे, एक पांढरा अशी गाडी बाजारातून निघाली की पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे मान वळवून बघत आणि त्या गाडीत बसायला कुणी धजावत नसे.

शेठजी मुलीचं स्थळ पाहायला पुसदला निघाले, तेव्हा त्यांचा मागचा टायर उस्तादांनी पांढरा सोडला. शेठजी खूप चिडले, पण मुहूर्त टळत होता, तसेच गेले. मुलाकडचे स्वागताला बाहेर आले. मुलाचे आजोबा गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शेठजी, दिग्रसच्या मिस्त्रीनं सोडलेला टायर दिसतो. पोरीले याच गाडीत पाठवान का?"

परत यायच्या आधी शेठजींनी पुसदमध्येच नवा टायर घेतला. लग्नही जमलं. लग्नात उस्तादांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

*

एकच माणूस उस्तादांना हसला, एक ट्रकवाला. "एवढ्याशा फुगवट्याले कोण भेते?" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटाकडून एक माणूस खांद्यावर फाटलेला टायर घेऊन पायी येताना दिसला. सगळं अंग घामानं निथळत होतं. आला, टायर उस्तादांपुढे ठेवला, आणि मान खाली घालून उभा राहिला.

उस्ताद म्हणाले, "चाय पिशीन?"

*

पोळा आला की आमच्याकडे मोटारी कमी, बैल जास्त. फुलसावंगीचे नारायणराव पहिल्यांदा आपली जोडी घेऊन आले. कुणाकडे तरी टायरांची चमक पाहिली होती. म्हणाले, "मिस्त्री, शिंगं मी रंगवली. खुरं तुम्ही काळी करा. गावात कोणाचीच अशी नसली पाह्यजे!"

उस्तादांनी नियम मोडला नाही. आधी आठही खुरांवरून हात फिरवला. मग सात खुरं आरशासारखी केली आणि डबा झाकून उठले.

नारायणराव ओरडलेच, "अन् हे मागचं?"

"याच्यात काही तरी रुतलं हाय."

"बैल तर नीट चालून राह्यला!"

"बैल बोलत नाही, नारायणराव. मले लागलं हाताले."

नारायणरावांनी नाल ठोकणाऱ्याला बोलावलं. खुराच्या फटीतून बोटभर बाभळीचा काटा निघाला! पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली नारायणरावांची जोडी सात काळ्या आणि एका पांढऱ्या खुरानं उभी होती. ते खूर काळं करून घ्यायला आता ते स्वतःच तयार नव्हते. ज्यानं विचारलं त्याला काट्याची गोष्ट सांगायचे. संध्याकाळपर्यंत ती चाळीस जणांना सांगून झाली आणि काटा बोटभराचा वीतभर झाला!

*

आता आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. आमच्या घरात तीन पिढ्या सगळे खुर्चीवर बसणारे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी कुठल्याही साहेबाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. एका साहेबांचं घड्याळ वीस मिनिटं मागं असायचं. बाबांनी कचेरीतलं घड्याळ त्याला जुळवलं, मग मनगटावरचं, मग घरातलं. त्या साहेबांची बदली होईपर्यंत दोन वर्षं आम्ही वीस मिनिटं उशिरा जेवलो!

असा माणूस. त्याचा मुलगा टायर पुसतो म्हटल्यावर काय झालं असेल? आदळआपट केली नाही त्यांनी. फक्त गॅरेजसमोरून जाताना छत्री उघडायची, आमच्या बाजूला कलती करायची आणि निघून जायचं. पाऊस असो नसो! घरात 'गॅरेज' हा शब्द बंद. "जेवून जातोस का तिकडे?" एवढंच विचारायचे.

मी वरून बेफिकीर दाखवायचो. पण खरं सांगतो, ती छत्री दिसली की काळ्याचा ब्रश हातात जड व्हायचा. एकदा तरी त्यांनी येऊन माझं काम बघावं, असं फार वाटायचं.

उस्तादांचंही एक होतं. मी टायरवर हात फिरवला की मागून ते पुन्हा फिरवायचेच. चार वर्षांत एकदाही माझा हात चुकला नाही, तरी फिरवायचेच.

*

मग तो दिवस आला. उस्ताद भाचीच्या लग्नाला घाटंजीला गेलेले, गॅरेज माझ्या हवाली. सकाळी दहाला जीप येऊन थांबली. पुढं बाबांच्या कचेरीतले नवे साहेब, आठवड्यापूर्वीच रुजू झालेले. मागं मांडीवर फाईलींचा गठ्ठा घेऊन बाबा! छत्री नव्हती, म्हणून नुसतेच दुसरीकडे बघत होते.

"यवतमाळला मीटिंग आहे," साहेब म्हणाले. "मोठे साहेब येणार. जीप चमकली पाहिजे. अर्धा तास!"

मी भिडलो. धुतलं, घासलं, वाळवलं. डोळे मिटून हात फिरवला. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथ्याला, मागच्या डाव्या टायरला, आतल्या अंगाला अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा लागला. शेजारी चीर, आणि चिरेत धागा. पुन्हा फिरवला. होताच. तो नेमका बाबा बसले होते त्यांच्या खालचा टायर.

ड्रायव्हरला हळूच विचारलं, "स्टेपनी?"

"हेच तर स्टेपनी हाय, भाऊ. पह्यला कालच गेला."

मी तीन टायर काळे केले, डबा झाकला आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. "झालं, साहेब. चौथ्याले काळं लागणार नाही. टायर बदलल्याशिवाय गाडी नेऊ नका."

"मी तुला टायर तपासायला सांगितलं होतं?"

"नाही, साहेब."

"मग लाव काळं!"

"नाही, साहेब."

रस्त्यावर माणसं जमली होती. पानवालासुद्धा दुकान सोडून आला होता. साहेबांचे कान लाल झाले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मागं वळून म्हणाले, "हेडक्लार्क, उतरा खाली. तुमच्या गावचा माणूस आहे ना हा? समजावा याला!"

बाबा उतरले. फाईली छातीशी धरून गॅरेजमध्ये आले. चार वर्षांत पहिल्यांदा. सव्वीस वर्षं ज्यांनी 'नाही' म्हटलं नाही, ते आता मला काय सांगणार, हे मला माहीत होतं. आणि बाबांनी सांगितल्यावर मी काय करणार, हे मात्र माहीत नव्हतं.

ते माझ्यासमोर उभे राहिले. आधी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग त्या पांढऱ्या टायरकडे. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "वसंता, नीट हात फिरवलास?"

"हो, बाबा. दोनदा."

बाबांनी मान हलवली. फाईली सावरल्या, वळले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"साहेब, तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येतो."