उशिरा आलेली सनई

लातूरच्या लग्नांत विरूपाक्ष गिटारवर सनई वाजवायचा. तारांखालचा पिकअप सूर सिंथला, म्हणजे आवाज बदलणाऱ्या यंत्राला, पोचवी आणि तिथून सनई निघे. दुष्काळात लग्नं रोडावली आणि नेमका तेव्हाच पिकअप बिघडला. नवा मुंबईपेक्षा हैदराबादेत दहा हजारांनी स्वस्त होता, तरी आवाक्याबाहेरच. नांदेडच्या दुकानदारानं हलक्या बनावटीचा दिला. म्हणाला, "ह्यो बी तेच काम करतोय."

निलंग्याच्या मांडवात विरूपाक्षनं तार छेडली की सनई क्षणभर मागून यायची. ढोलकीवाला गडबडला, वऱ्हाडी हसले.

बँडचे मालक शेषेराव जवळ आले. "विरूपाक्षा, कीबोर्डवाल्याला वाजवू दे सनई. तू बस."

"हाव," म्हणून तो गिटार मांडीवर घेऊन बसला. पुढच्या लग्नाला त्याला कुणी बोलावलं नाही.